वरचा मजला, काढलेला पाइप

फोन उचलला आणि पलीकडून जगदाळे काकूंचा आवाज आला, तेव्हा मी आधी फोनच उलटासुलटा करून बघितला. आमचाच होता.

"लोणकर आहेत का? जरा तातडीचं आहे."

"पप्पा लोणंदला गेलेत कामावर. फोन घरीच विसरले."

"अगं बाई. येतील कधी?"

"संध्याकाळी. सातच्या एस्टीनं."

पलीकडे काकूंनी कुणाला तरी "नाहीत म्हणे" असं सांगितलं आणि मग माझ्याशी अशा गोड बोलायला लागल्या की त्यांच्या तोंडून असा आवाज निघू शकतो हे मला त्या दिवशी कळलं. वरच्या मजल्यावरच्या संडासात फ्लशच्या टाकीचा पाइप फुटला होता. कारंजं उडालं म्हणून जगदाळे साहेबांनी गच्चीवरचा मेन कॉक बंद केला, तर आता अख्ख्या घरात पाण्याचा थेंब नाही. प्लंबर बंडू तावरेचा फोन लागत नाही, तो कुठल्या लग्नाला गेलाय. आणि त्यांच्या मुलीला, केतकीला, बघायला बारामतीचे पाहुणे यायचेत. बारा वाजता. आठ माणसं.

"आठ माणसं," मी म्हटलं.

"हो ना. कुणी आहे का गं ओळखीचं? वडिलांचा कुणी माणूस?"

रविवार होता, घड्याळात साडेदहा वाजले होते. खरं सांगते, त्या क्षणी मला जो आनंद झाला तो पुढे सहामाहीत गणितात पहिली आले तेव्हाही झाला नाही.

"पाठवते," मी म्हटलं आणि फोन ठेवून पप्पांची पिशवी खुंटीवरून काढली.

आता मी दहावीत आहे. तेव्हा सातवीत होते. दोन वेण्या, उंची चार फूट सात इंच, आणि पाच महिने आतल्या आत ठेवलेला राग. आई शेजारच्या काकींकडे ब्लाउजांना हुक लावायला गेली होती, म्हणून "कुठं चाललीस" असं विचारायला कुणी नव्हतं.

पप्पांच्या पिशवीत दोन डबे असायचे. च्यवनप्राशच्या डब्यात नवे वॉशर. तंबाखूच्या जुन्या डबीत काढलेले, वाळलेले, चिरलेले. ते पप्पा टाकून का देत नाहीत हे मी विचारलं होतं, तर म्हणाले होते, "बघायला ठेवतो. काय काय कसं मरतं ते कळतं." मी तंबाखूची डबी उघडली आणि बोटांनी चाचपत चाचपत एक वॉशर निवडला. वरून अख्खा, पण नखानं दाबला तर दबेना. असा वॉशर पाणी सोडल्यावर तासभर बरा धरतो. मग थेंब. मग धार. साडेबाराला पाहुण्यांना वरचा मजला दाखवायला नेतील, कुणीतरी संडासाला जाईल, फ्लश ओढेल. पुढचं मी मनात तीन वेळा बघून घेतलं आणि तो वॉशर स्कर्टच्या डाव्या खिशात टाकला. चांगले पिशवीत राहिले.

तुम्ही म्हणाल, एवढीशी पोर, आणि हे काय डोक्यात. तर ऐका.

संजीवनी कॉलनीत पप्पा वीस वर्षं प्लंबर. फलटणात दुसरे प्लंबर आहेत, पण त्या कॉलनीत नळाला सर्दी झाली तरी लोक "लोणकरला बोलवा" म्हणायचे. चौथीपासून रविवारी मी त्यांच्याबरोबर जायचे, कारण फ्लशच्या टाकीमागे माझा हात जायचा, त्यांचा जायचा नाही. मी अभ्यासाचे पाढे आणि पाइपांची मापं एकाच तोंडानं पाठ केली. पप्पांची एक पद्धत होती. काम झालं की काढलेला जुना पार्ट फडक्यानं पुसायचा आणि घरमालकाच्या हातात द्यायचा. "हा गेला होता. बघून घ्या." नको म्हटलं तरी द्यायचे. माणूस कचऱ्यात टाकेना का, आपण हातात द्यायचा.

सप्टेंबरात त्यांनी जगदाळ्यांच्या वरच्या मजल्यावर नवा पाइप बसवला. आठ दिवसांनी जगदाळे मंडळी सांगलीला बारशाला गेली, परत आली तर पाइप फुटून पाणी खाली दिवाणखान्यात उतरलेलं. छताला केलेली ती पांढरी नक्षी दिव्यांसकट सोफ्यावर येऊन पडली होती.

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी वाचनालयाच्या गच्चीवर कॉलनीची मीटिंग असते. पप्पांना निरोप आला, जरा येऊन जा. पप्पांना वाटलं, कॉलनीच्या मोठ्या टाकीचं काम निघालंय. मला म्हणाले, "वही घे, मापं लिहायला." मी वही घेऊन त्यांच्या मागे जिना चढले.

पंचवीस तरी माणसं होती. काकू उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ह्या माणसानं जुनाच पाइप पुसून परत लावला आणि नवा लावला म्हणून सांगितलं. माझ्या घराची वाट लावली. तुम्ही आपापल्या घरी काय काय लावलंय ते बघून घ्या."

पप्पा म्हणाले, "वहिनी, मी असं करत नसतो."

"मग पाइप काय आपोआप फुटला? नवा पाइप आठ दिवसांत?"

मागं कुणीतरी हसलं. जगदाळे साहेब दुसऱ्या रांगेत बसले होते. ते चष्मा काढून पुसत होते. मला वाटलं, बिचारे, बायकोच्या आवाजानं ओशाळलेत.

पप्पांनी हात जोडले. बस. जिना उतरताना मी म्हटलं, "पप्पा, तुम्ही सांगा ना त्यांना." ते म्हणाले, "जाऊ दे." माझ्या हातातली वही कोरीच राहिली.

त्यानंतर फोन वाजायचा बंद झाला. कॉलनीत बंडू तावरे दिसायला लागला. पप्पा लोणंदला एका होस्टेलच्या बांधकामावर दुसऱ्याच्या हाताखाली जायला लागले, पहाटेची एस्टी, सातला परत. माझ्या वर्गात कॉलनीतल्या दोन मुली होत्या. त्यातली एक डब्याच्या सुट्टीत म्हणाली, "तुझे पप्पा जुने पाइप पुसून लावतात ना?" मी तिच्या डब्यात पाणी ओतलं. त्याची शिक्षा झाली, पण ते वेगळं.

तर म्हणून तो वॉशर.

जगदाळ्यांच्या फाटकावर पाटी आहे, निवृत्त कार्यकारी अभियंता, पाटबंधारे. काकू दारातच उभ्या होत्या. नवी पैठणी, गजरा, आणि हातात रिकामी बादली. मला बघून त्या माझ्या मागं बघायला लागल्या.

"माणूस कुठाय?"

"मीच आहे."

"तू? अगं, हा खेळ नाही."

"मग तावरेंची वाट बघा," मी म्हटलं. "लग्नात जेवणं दोनला होतात."

आधीच्या मला असं बोलता आलं नसतं. कुठून आलं, मलाच माहीत नाही, पण बोलून बघितलं आणि फार बरं वाटलं. काकूंनी ओठ आवळले, मग बाजूला झाल्या. "अहो, हिला वर न्या. आणि लवकर."

साहेब वर टॉर्च घेऊन उभे होते. उंच, पांढरे केस, इस्त्रीचा लेंगा, गुडघ्यापर्यंत भिजलेला. बाजूला त्यांची स्वतःची हत्यारांची पेटी, हिरवी, लोखंडी. संडासात घोटाभर पाणी.

"येतं का तुला?" साहेब म्हणाले. आवाज मवाळ होता, मास्तर पेपर तपासायच्या आधी बोलतात तसा. "बरं, आधी सांग, हे काय आहे?"

माझी परीक्षा घ्यायची होती त्यांना. घ्या.

"हा भिंतीतला अँगल कॉक. लाइनीतून पाणी येतं ते इथून बंद-चालू होतं. हा कनेक्शन पाइप, अर्धा इंची, अठरा इंच लांबीचा. ह्याच्या दोन टोकांना हे दोन नट. नटात रबराचा वॉशर. आणि ही फ्लशच्या टाकीतून खाली आलेली आट्यांची नळी, तिच्यावर वरचा नट बसतो. आता तुम्ही सांगा, फुटलंय काय?"

"पाइप."

"पाइप शाबूत आहे." मी गुडघ्यावर बसले आणि टाकीमागे हात घातला. "वरचा नट फुटलाय. उभा चिरलाय."

मी खालचा नट हातानं सोडवला, वरचा दोन तुकड्यांत हातात आला. पांढरं प्लॅस्टिक. त्या वेळी मी तो नीट बघितला नाही, फरशीवर ठेवला, कारण माझं लक्ष डाव्या खिशाकडे होतं.

"फडकं आहे का?" मी विचारलं. नळीचे आटे पुसायचे होते.

"पेटीत बघ."

पेटी उघडली आणि मी हसू दाबलं. प्रत्येक वस्तूला दोऱ्यानं पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली. स्क्रू ड्रायव्हर, मोठा. स्क्रू ड्रायव्हर, लहान. पान्हा, दात्यांचा, दहा इंची. अक्षर मोत्यासारखं. बत्तीस वर्षं सरकारी नोकरीत फायलींना चिठ्ठ्या लावल्या असणार, आता घरात हत्यारांना लावत होते. फडक्याच्या खाली एक पाइप होता, गुंडाळी करून ठेवलेला. जुना, टोकाला पितळ हिरवं पडलेलं. त्यालाही चिठ्ठी होती.

मी ती वाचली. मग परत वाचली.

वरचा मजला. संडास. काढलेला पाइप. १२ सप्टेंबर. हस्ते: लोणकर.

"साहेब, हा कुठला पाइप?"

"तो होय? तो जुना. तुझ्या वडिलांनी काढून माझ्या हातात दिलेला. मी काही टाकत नाही."

"म्हणजे पप्पांनी नवा लावला होता."

"हो मग, नवाच लावला होता," साहेब सहज म्हणाले. आणि मग त्यांनी टॉर्च खाली केली.

खालून काकूंचा आवाज येत होता, कुणाला तरी शेजारून दोन घागरी आणायला सांगत होत्या.

"गच्चीवर तुम्ही होता," मी म्हटलं. "दुसऱ्या रांगेत. जुना पाइप तुमच्या पेटीत होता."

साहेबांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं पुसायला लागले. तस्साच. तेव्हा मला कळलं की त्या दिवशी गच्चीवर ते बायकोपायी ओशाळले नव्हते.

"तिनं तोवर चार घरी सांगून टाकलं होतं," ते म्हणाले. "मीटिंगमध्ये मी उठून नाही म्हटलं असतं तर लोकांनी विचारलं असतं."

"काय विचारलं असतं?"

"की मग फुटला कशानं."

मी फरशीवरचे नटाचे दोन तुकडे उचलले. जोडून धरले आणि टॉर्चच्या उजेडात आणले. नटावर दात उमटले होते. एका बाजूला चार, समोरच्या बाजूला चार, खोल. प्लॅस्टिकच्या नटाला पप्पा कधी पान्हा लावत नाहीत. हातानं घट्ट, मग पाव आटा, म्हणजे पाव फेरा, संपलं. बंडू तावरेसुद्धा लावत नाही, तो पप्पांच्याच हाताखाली शिकलाय. मी पेटीतला दात्यांचा पान्हा, दहा इंची, काढला आणि त्याच्या जबड्यात नट धरला. दात दातात बसले. पान्ह्याच्या दात्यांत पांढरा भुगा अजून होता, ओला.

"हे आज सकाळचं," मी म्हटलं.

"एक थेंब दिसला गं. पाहुणे येणार, म्हटलं आवळून टाकावं जरा."

"आणि सप्टेंबरात?"

"सांगलीला निघालो होतो. गाडी दारात उभी. तेव्हाही एकच थेंब होता."

बत्तीस वर्षं ह्या माणसानं कालव्यांचे दरवाजे वर-खाली केले. तालुक्याला पाणी सोडलं, बंद केलं. आणि दोन वेळा एकाच संडासात एका थेंबाला घाबरून अर्धा इंची नटाचा जीव घेतला. मला हसू यायला हवं होतं. मला पहाटे डबा घेऊन एस्टीला पळणारे पप्पा दिसत होते.

मी उठून कमोडचं झाकण लावलं आणि त्यावर बसले.

"काय झालं? पाइप नाही का पिशवीत?"

"आहे. नवा आहे."

"मग लाव ना, बाळ. सव्वाअकरा झाले."

"आधी काकूंना बोलवा. हे सगळं सांगा. मग लावते."

"आज नको. पाहुणे गेले की सांगतो. शब्द देतो."

"गच्चीवर पंचवीस माणसं होती, साहेब. आज आठच येतायत. तुम्हाला स्वस्तात पडतंय."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू आपण कुणाशी बोलतोय हे त्यांना आत्ता कळलं. मी वेणीची रिबीन सोडून परत बांधायला घेतली. सावकाश. मला कसलीच घाई नव्हती. त्या दिवशी फलटण तालुक्यात एवढा निवांत माणूस दुसरा नसेल.

साडेअकराला काकू स्वतःच वर आल्या, पैठणी घोट्याच्या वर धरून. "झालं का नाही? आणि ही बसलीय काय अशी, पाटावर बसल्यासारखी?"

"साहेबांना काहीतरी सांगायचंय," मी म्हटलं.

साहेबांनी सांगितलं नाही. त्यांनी पाइप पुढे केला. काकूंनी चिठ्ठी हातात धरली, लांब धरली, जवळ धरली. वाचताना त्यांचे ओठ हलत होते. "हस्ते लोणकर" पाशी ओठ थांबले. मग मी नटाचे तुकडे आणि पान्हा त्यांच्यासमोर धरला, आणि साहेब भिंतीकडे बघून म्हणाले, "मीच आवळला होता. दोन्ही वेळा."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू विचारलं नाहीस. तू सांगत होतीस."

काकूंचा चेहरा मी अजून विसरले नाही. चिडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्या चिडल्या नाहीत, त्यांनी पटकन जिन्याकडे वळून कुणी ऐकत नाही ना ते बघितलं. मग माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

"हे बघ बाळा, झालं ते झालं. तू शहाणी आहेस. घरातलं घरात राहू दे. जाताना लाडू देते डबाभर."

"तुमच्या घरातलं घरात," मी म्हटलं, "आणि आमच्या घरातलं गच्चीवर?"

खाली रस्त्यावर हॉर्न वाजला. पाहुणे लवकर आले नव्हते, कुणीतरी दूधवाला असेल, पण काकूंचं पाणी पाणी झालं, आणि ते तेवढंच पाणी होतं त्या घरात.

"उद्या येते तुझ्या घरी," त्या म्हणाल्या. "लोणकरांना भेटते. स्वतः येते. देवाशपथ. आता लाव."

त्या गेल्या. साहेबांनी टॉर्च परत धरली. मी पिशवीतून नवा पाइप काढला आणि डाव्या खिशात हात घातला.

हे मी आजपर्यंत पप्पांनाही सांगितलेलं नाही. मी तो वाळका वॉशर बाहेर काढला. काकूंनी माफी मागितली नव्हती, लाडू देऊ केले होते. माझ्या डोक्यावरून फिरलेला तो हात मला अजून केसांवर चिकटल्यासारखा वाटत होता. मी वॉशर नव्या नटात बसवला. अंगठ्यानं दाबला. साहेबांना काय कळणार होतं, त्यांना नट आणि पाइप वेगळा कळत नव्हता. बारा, साडेबारा, बारामतीचे आठ जण, वरचा मजला.

पाइप टाकीच्या नळीला लावता लावता मी सहज साहेबांकडे बघितलं. ते एका हातानं टॉर्च धरून दुसऱ्या हातानं पेटीतून कोरा पुठ्ठा काढत होते. फुटक्या नटाला चिठ्ठी लावणार होते. सवय. आणि मला दिसलं की हा पाइप गळला तर पुढची चिठ्ठी काय असेल. तारीख घालतील आणि खाली लिहितील, हस्ते: लोणकर.

मी पाइप खाली घेतला, वाळका वॉशर नखानं उचकटून काढला, च्यवनप्राशच्या डब्यातला नवा घातला. दोन्ही टोकांना. हातानं घट्ट, मग पाव आटा. साहेबांना गच्चीवर पाठवून मेन कॉक सोडायला लावला. टाकी भरली. पाइपाखाली कोरडा पेपर धरून शंभरपर्यंत मोजलं. पेपर कोरडा.

साहेब धापा टाकत खाली आले. "गळतंय का?"

"नाही. आणि उद्या एखादा थेंब दिसला तर बघत बसा. हात लावू नका."

चिठ्ठीचा पाइप मी उचलून माझ्या पिशवीत टाकला, नटाचे तुकडेही. "हे मी नेते."

"पण काढलेला पार्ट तर मालकाला..." साहेब म्हणाले आणि तिथंच थांबले.

"ती पप्पांची पद्धत आहे," मी म्हटलं. "माझी नाही."

जिन्यावरून उतरले तोवर पाहुणे दिवाणखान्यात आले होते. हिरव्या साडीतल्या एका बाईंनी मला पिशवीसकट न्याहाळलं. "ही कोण हो? धाकटी का?"

"नाही नाही," काकू घाईनं म्हणाल्या. "ही प्लंबरची मुलगी."

"मुलगी पण आहे," मी म्हटलं, "आणि आज प्लंबर पण." आणि पुढच्या दारानं बाहेर पडले. एरवी आम्ही त्या घरात मागच्या दारानं जायचो.

संध्याकाळी पप्पा आले, हातपाय धुतले, जेवायला बसले. मी सगळं सांगितलं. एक खिसा सोडून सगळं. आई दोनदा म्हणाली, "अगं काय हे, दुर्वे." पप्पांनी चिठ्ठी वाचली. पाइप हातात फिरवला. पितळेवरचा हिरवा डाग अंगठ्यानं घासून बघितला.

"वॉशर नीट बसला का?" त्यांनी विचारलं.

"हो."

"जाऊ दे मग," ते म्हणाले आणि भाकरी मोडली.

मला रडू आलं. एवढं सगळं आणून पुढ्यात ठेवलं आणि हा माणूस जाऊ दे म्हणतो. मी न जेवता झोपले.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर आमच्या दारात चपलांचे दोन जोड. त्या दिवशी होस्टेलवर सिमेंट आलं नव्हतं म्हणून पप्पा घरी होते. काकू खुर्चीच्या टोकावर बसल्या होत्या, साहेब त्यांच्या मागं उभे. पुढ्यात पेढ्यांचा पुडा. केतकीताईचं जमलं होतं.

"लोणकर," काकू म्हणाल्या, "गैरसमज झाला. मनात ठेवू नका. आम्हाला काय माहीत होतं."

आईनं पाणी आणलं. पप्पा भिंतीला टेकून खाली बसले होते. "बसा ना साहेब, उभे का," म्हणाले. काकूंनी सुस्कारा सोडला. झालं, सुटले, असा. आणि मी दप्तर खाली न ठेवताच म्हटलं, "काकू, तुम्ही गच्चीवर बोलला होता."

"दुर्वे," आई म्हणाली.

"आले ना आता तुमच्या घरापर्यंत," काकू म्हणाल्या. "अजून काय करू? पाय धरू का?"

"पाय नका धरू. गच्चीवर सांगा. त्याच लोकांना."

"अगं, ते आता कशाला उकरायचं? लोक विसरलेसुद्धा."

आईनं माझा दंड धरून मला स्वयंपाकघरात ओढायला सुरुवात केली. मी पप्पांकडे बघितलं. मला वाटलं, आता ते माझ्यावर रागावतील, मग हात जोडतील आणि म्हणतील, जाऊ दे, वहिनी.

पप्पांनी पेढ्यांचा पुडा हातानं हळूच सरकवला. काकूंच्या बाजूला.

"लोक विसरले नाहीत, वहिनी," ते म्हणाले. "मी पाच महिने लोणंदला जातोय."

साहेबांचा हात चष्म्याकडे गेला आणि तसाच खाली आला.

"साहेब, ह्या महिन्याची मीटिंग किती वाजता आहे?"

"शनिवारी," साहेब म्हणाले. "साडेसहाला." मग घसा खाकरून म्हणाले, "मी बोलतो. तिनं नको, मी बोलतो."

"बोला. मी येतो ऐकायला."

काकू उठल्या. पुडा घ्यावा की ठेवावा हे त्यांना कळेना, शेवटी साहेबांनीच तो उचलला. आई फाटकापर्यंत त्यांच्याबरोबर गेली. ती अजून "राग मानू नका" वगैरे म्हणत होती.

पप्पा जागचे उठले नाहीत. माझ्याकडे न बघता म्हणाले, "दुर्वा, माझा निळा शर्ट धुवायला काढ. शनिवारपर्यंत इस्त्री झाली पाहिजे."